बुकशेल्फ स्पीकर दुरुस्त करायचे की नवे घ्यायचे: एका जोडीच्या नोंदी

चिपळूणला मावशीचा गाण्याचा क्लास आहे. तिथे ज्या स्पीकरांवर तानपुरा आणि लेहरा (तबल्याला साथ देणारी फिरती धून) वाजतो ती जोडी माझ्याकडे पुण्यात आली होती. साधारण पंधरा वर्षांपूर्वी एका मिनी सिस्टिमबरोबर मिळालेले हे टू-वे स्पीकर. खाली पाच इंची कागदी वूफर (खालचे सूर देणारा), वर छोटा ट्वीटर (वरचे सूर देणारा), मागे ६ ओमचं लेबल. सिस्टिमचा सीडी प्लेअर कधीच बंद पडला, पण तिचा अ‍ॅम्प्लिफायर ठणठणीत आहे आणि फोन ऑक्सला जोडून काम चालतं. या तोडीची नवी जोडी मी चौकशी केली तिथे दहा हजारांच्या आसपास सांगितली. म्हणून मर्यादा आधीच ठरवली: तीन हजारांच्या आत काम होत असेल तर दुरुस्ती, नाहीतर नवी जोडी. अशीच स्वस्त जोडी पुढ्यात घेऊन विचार करत बसलेल्यांसाठी या नोंदी.

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

आज एकही स्क्रू काढला नाही. फक्त ऐकलं आणि पाहिलं.

मावशीची तक्रार दोन वाक्यांची होती: "डावा फाटतो. आणि उजव्यातून तानपुरा येतो गं, पण त्यातली जवारी येत नाही." दुसरं वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवून ठेवलं. जवारी म्हणजे तानपुऱ्याच्या तारेतून उठणारी झणझण, ती बरीचशी वरच्या पट्टीत असते. मूळ सूर वूफर देतो, जवारी द्यायला ट्वीटर लागतो. त्यामुळे उजव्यात आधी काय तपासायचं ते या वाक्यानेच सांगितलं. गाणाऱ्या माणसाला तक्रार विचारली की अशी नेमकी उत्तरं मिळतात, ती ऐकून घ्यावीत.

पहिली तपासणी फुकटची: अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या डाव्या-उजव्या वायरी एकमेकींच्या जागी लावल्या. दोष वायरीबरोबर दुसऱ्या स्पीकरात गेला असता तर अ‍ॅम्प्लिफायर किंवा फोनची केबल बिघडलेली. दोष जिथल्या तिथे राहिला, म्हणजे तो स्पीकरात किंवा त्याच्या वायरीत आहे. ही अदलाबदल न करता थेट स्पीकर उघडू नये. क्लासमध्ये बदलत्या हातांनी वायरी लावल्या-काढल्या जातात, तिथे अर्धे दोष वायरीतच असतात.

मग खोका. माझ्या मते निर्णय इथेच निम्मा होतो. कॉइल (पडद्याला जोडलेली तारेची गुंडाळी), फोम, कंडेन्सर हे सगळं मिळतं, पण फुगलेला एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा) खोका परत मूळ मापावर येत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात मावशीच्या तळमजल्यात पाणी शिरलं होतं. हे स्पीकर उंच कपाटावर होते म्हणून बुडाले नाहीत, पण घर पुढे कित्येक आठवडे ओलं होतं. डाव्या खोक्याचा मागचा खालचा कोपरा जरा फुगलाय आणि तिथला लाकडी छापाचा कागद सुटलाय. बाकी सांधे घट्ट. चारही बाजूंनी बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं, कुठे पोकळ किंवा खुळखुळता आवाज आला नाही. दोन्ही खोके पास.

जाळ्या ओढून काढल्या तेव्हा वूफरची फोमची कड हाताला लागताक्षणी काळ्या चिकट भुग्यात गळून पडली. दोन्हीकडे. डावा फाटत होता तो यामुळेच: कड अर्धी सुटलेली, वूफरचा कागदी पडदा वाकडा हलणारा. या जातीचा फोम दमट हवेत आपोआप सडतो. स्पीकर वाजवला काय किंवा ठेवून दिला काय, फरक पडत नाही. दिसायला हा सगळ्यात भयंकर दोष दिसतो आणि बहुतेक लोक इथेच स्पीकर भंगारात देतात. खरं तर सगळ्या दोषांत स्वस्तात सुटणारा हाच आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

दोन्ही वूफर चार-चार स्क्रू काढून बाहेर घेतले. डाव्या खोक्यात मागच्या हवेच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं, नळी जवळजवळ बुजलेली. बाहेरून खरवडलं असतं तर सगळी माती आत पडली असती. आता वूफर बाहेर आहे, त्यामुळे आतून पेन्सिलीने ढकलून बाहेर काढली. उजव्या खोक्यात पालीच्या अंड्यांची टरफलं होती.

मीटरवरची मापं (दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून येणारे ०.३ ओम वजा करून):

डावा वूफर ५.२, उजवा वूफर ५.३. डावा ट्वीटर ५.६, उजवा ट्वीटर ५.५.

लेबलवर ६ ओम असेल तर मीटरवर पाचच्या आसपास येणं बरोबर आहे. मीटर फक्त तारेचा रोध मोजतो, तो लेबलपेक्षा कमीच दिसतो. मीटरने काहीच दाखवलं नसतं तर कॉइल तुटलेली. दोन-अडीच दाखवलं असतं तर जळून आतल्या आत चिकटलेली. चारही कॉइल जिवंत आहेत. खोक्यानंतर निर्णयाचा दुसरा मोठा भाग हा. दोन्ही वूफरच्या कॉइल गेल्या असत्या तर मी या नोंदी इथेच थांबवून नवी जोडी घेतली असती.

पुढे हाताची तपासणी. वूफर टेबलावर आडवा ठेवून दोन्ही अंगठ्यांनी पडदा समोरासमोरून हलकेच खाली दाबायचा आणि कान जवळ नेऊन ऐकायचं. डावा निःशब्द. उजव्यात एका जागी बारीक खरखर. कॉइल चुंबकाच्या फटीत कशाला तरी घासते आहे. फोम गेल्यावर पडदा एका बाजूला कलतो, त्यानेही अशी खरखर येते, म्हणून पडदा बोटांनी मधोमध धरून पुन्हा पाहिलं. खरखर तशीच. म्हणजे फटीत काहीतरी आहे.

आता कंडेन्सर. या स्वस्त खोक्यांत क्रॉसओव्हर (वूफर आणि ट्वीटरमध्ये सूर वाटून देणारा भाग) म्हणजे ट्वीटरच्या वाटेत लावलेला एकच बायपोलर कंडेन्सर असतो, इथे ४.७ मायक्रोफॅरॅड. त्याचा एक पाय सोडवूनच मोजावा, जोडलेला असताना मीटर भलतंच काहीतरी दाखवतो. डाव्याचा ३.९ आला. उजव्याचा १.६.

मावशीची जवारी इथे अडकली होती. ६ ओमच्या ट्वीटरला ४.७ चा कंडेन्सर लावला की तो साडेपाच हजार हर्ट्झच्या वरचं साधारण सगळं आत सोडतो. तोच १.६ वर उतरला की दार साडेसोळा हजारांच्या वर उघडतं. तिथे तानपुऱ्याचं जवळपास काही नसतंच. ट्वीटर शाबूत, तार शाबूत, आणि तरी बाजू मुकी. असा ट्वीटर "गेला" म्हणून बदलला जातो आणि नवा लावूनही आवाज सुधारत नाही, कारण जुना कंडेन्सर तिथेच राहतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बुधवार पेठेत तपकीर गल्लीला गेले. दोन्ही वूफर पिशवीत बरोबर नेले. नुसतं "पाच इंची" सांगून काही उपयोग होत नाही.

तीन पर्याय समोर आले.

एका दुकानात: "ताई, जुन्या मालावर कशाला वेळ घालवता? हा नवा वूफर टाका, साडेतीनशेचा. आजच वाजायला लागेल." दुसरीकडे पडदा, कॉइल, फोम सगळं नवं बसवून देण्याचे एका वूफरला ५०० रुपये आणि आठवडाभराची मुदत. तिसरा पर्याय, फक्त फोमची रिंग आणून घरी लावायची.

दुसऱ्या पर्यायावर मी बराच वेळ विचार केला. हजार रुपयांत काम हातावेगळं होत होतं, आणि कॉइल जळली असती तर मी तोच घेतला असता. पण माझ्या कॉइल आणि पडदे चांगले आहेत. नवा पडदा जाड असेल, कॉइलची तार वेगळी असेल, मग मूळ वूफरचं फक्त चुंबक आणि सांगाडा उरतो. चांगला भाग काढून टाकून नवा बसवायचे पैसे द्यायला मन तयार झालं नाही.

साडेतीनशेचा वूफर मात्र एक विकत घेतला, प्रत्यक्ष बसवून पाहायला. "त्यापेक्षा नवा वूफर का नाही टाकत?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारणार, त्याचं उत्तर ऐकूनच द्यावं असं वाटलं.

त्याच गल्लीतून ४.७ चे दोन पॉलिप्रॉपिलीन (प्लॅस्टिकच्या फिल्मचे) कंडेन्सर घेतले, प्रत्येकी ९० रुपये. साधे बायपोलर इलेक्ट्रोलिटिक त्याच्या एक-चतुर्थांश किमतीत मिळतात आणि चालतातही. पण ते आतून सुकतात, आणि हे स्पीकर परत कोकणातच जाणार आहेत. हे फिल्मवाले सुकत नाहीत. आकाराने मोठे असतात, तेवढी जागा खोक्यात आहे का ते आधी पाहावं.

१६ फेब्रुवारी, रविवार

नवा वूफर डाव्या खोक्यात बसवून पाहिला. बसवणंच आधी अवघड गेलं: सांगाडा बाहेरून सारखा, पण स्क्रूची भोकं दोन-तीन मिलिमीटर आत. शिवाय तो ४ ओमचा निघाला, आणि या अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ६ ओम लिहिलंय. घरात हळू आवाजात लगेच काही बिघडणार नाही, पण दोन-दोन तास चालणाऱ्या क्लासला अ‍ॅम्प्लिफायर जास्त तापेल.

आवाज मोठा आला. तबला लावला आणि फरक कळला. डग्ग्यावर तळहात सरकवून घिस्सा घेतला की घुमारा खालून वर चढत जातो. मूळ वूफरवर, फोम फाटका असतानासुद्धा, ते चढणं ऐकू यायचं. नव्यावर प्रत्येक थाप एकाच सुरात "ढुम्" बोलते. घिस्सा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला काही कळत नाही. खोक्याचं आकारमान आणि मागच्या नळीची लांबी मूळ वूफरला धरून ठरवलेली असते. दुसरा वूफर त्यात बसवला की खोका आपलाच एक सूर लावून धरतो.

दुकानात दिवसभर रेडिओ लावायचा असेल तर हा वूफर पुरे आहे, दुकानदाराचा सल्ला त्या कामासाठी खोटा नव्हता. गाणं शिकवायच्या खोलीत नाही. काढून ठेवला.

संध्याकाळी ऑनलाइन फोमची जोडी मागवली, ३२० रुपये. वर्णनात फक्त "५ इंच" होतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ऑनलाइन फोम बसत नाही. माझा पडदा कडेपासून कडेपर्यंत ९६ मिलिमीटर. आलेल्या रिंगची आतली कड ९७. म्हणजे पडद्यावर टेकायलाच जागा नाही, चिकटवणार कशाला. परत घेत नाहीत.

फोम घेताना मोजायची मापं, क्रमाने: पडद्याचा बाहेरचा व्यास, फोमचा गोल उंचवटा जिथे सुरू होतो तो व्यास, जिथे संपतो तो व्यास, आणि सांगाड्यावर जिथे कड चिकटते तिथला बाहेरचा व्यास. जुना फोम भुगा झाला असला तरी पडद्यावर आणि सांगाड्यावर गोंदाचे वळ राहिलेले असतात, त्यावरून मोजता येतं. "पाच इंची" हे सांगाड्याचं नाव आहे, त्यात आत काहीही बसलेलं असू शकतं.

परत तपकीर गल्ली. यावेळी वूफरवर प्रत्यक्ष ठेवूनच जोडी घेतली, २८० रुपये. घेताना फोम चिमटीत दाबून पाहावा, लगेच परत फुगला पाहिजे. पाकिटातला फोमही म्हातारा होतो. एका दुकानातल्या रिंगा दाबल्यावर दबलेल्याच राहिल्या, त्या तिथेच ठेवल्या.

रबरी रिंगही दाखवली. रबर दमट हवेत कितीतरी जास्त टिकतं, म्हणून चिपळूणसाठी मोह झाला. पण हाताला जड आणि ताठ लागली. हलक्या कागदी पडद्याला जड कड लावली की तो सुस्तावतो आणि आवाजही खाली येतो. मूळ फोम पंधरा वर्षं चालला. नवा त्याच्या जवळपास चालला तरी पुष्कळ झालं. फोमच घेतला.

२३ फेब्रुवारी, रविवार

साफसफाई. या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि इथे घाई करू नये.

सांगाड्यावरची पुठ्ठ्याची रिंग आधी अखंड सोडवायची, कारण ती पुन्हा लावायची असते. केस वाळवायच्या ड्रायरने थोडी गरम केली, पातळ सुरीचं टोक खालून घातलं आणि हळूहळू फिरवत आणली. उजवीकडे एका जागी पुठ्ठ्याचे पदर सुटले, ते गोंदाने दाबून ठेवले.

सांगाड्यावरचा जुना गोंद जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडला, राहिलेला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या चिंधीने पुसला. पडद्याच्या कडेला मात्र चिंधी नुसती ओलसर हवी. कागद भिजला की मऊ पडतो, आणि कडेचा कागद फाटला तर पुढचं सगळं व्यर्थ. फोम मुळात पडद्याच्या वरून लावला होता की मागून, ते इथे पाहून घ्यावं. माझ्या वूफरला वरून होता. मागून असलेल्यांना वरून लावला तर पडद्याची उंची बदलते.

उजव्या पडद्यावर बुरशीचे पांढरे ठिपके होते. कोरड्या मऊ ब्रशने झाडले. पाणी लावलं नाही, उन्हात ठेवला नाही.

१ मार्च, शनिवार

पहिला फोम वाया गेला.

डाव्या वूफरला चपलांना वापरतात तसा, लावला की लगेच धरणारा सोल्युशनसारखा गोंद लावला. गल्लीत तोच सुचवला होता आणि पक्का असतो हे खरंच आहे. अडचण अशी की रिंग एकदा टेकली की हलत नाही. ती बाजूला मिलिमीटरभर सरकून बसली, पडदा कलला आणि कॉइल घासायला लागली. काल निःशब्द असलेला वूफर आज खरखरतोय. सोडवायला गेले तर फोम फाटला. पुन्हा सगळा गोंद खरवडणं आलं, आणि फोम जोडीनेच मिळतो म्हणून आणखी २८० रुपये.

कॉइल आणि चुंबकामधली फट केसाइतकी बारीक असते. त्यामुळे गोंद असा हवा की रिंग ठेवल्यावर पाच-दहा मिनिटं सरकवता येईल. चिकटण्याचा जोर इथे दुय्यम आहे. कागदी पडदा आणि फोमसाठी सुताराचा पांढरा फेव्हिकॉल पुरतो. पडदा प्लॅस्टिकचा असेल तर तो धरणार नाही, तिथे वेगळा गोंद लागतो.

८ मार्च, शनिवार

नवी जोडी आणली. आज फक्त आतली कड.

पडद्याच्या कडेला आणि फोमच्या आतल्या कडेला, दोन्हीकडे बारीक ब्रशने पातळ थर. थोडा वेळ थांबून, चकाकी जाऊन बोटाला चिकट लागायला लागला की फोम वर ठेवायचा. सगळीकडून सारखी जागा सुटते आहे ना ते पाहत सरकवायचा आणि मग बोटाने फिरत फिरत दाबायचा. बाहेरची कड आज मोकळीच. रात्रभर वाळू दिलं. दोन्ही कडा एकदम लावायचा मोह होतो, पण ओली आतली कड बाहेरची ओढताना सरकते.

९ मार्च, रविवार

बाहेरची कड दोन वूफरना दोन पद्धतींनी लावली.

डावा: सांगाड्यावर गोंद लावला, फोमची कड त्यावर सोडली आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून ३० हर्ट्झचा सूर अगदी हळू आवाजात दिला. फोनवर असे सूर देणारी फुकट अ‍ॅप मिळतात. पडदा डोळ्यांना दिसेल इतका हलतो आणि आवाज जवळपास येत नाही, त्यामुळे घासण्याची बारीकशी खरखरही स्वच्छ ऐकू येते. कड सूतभर इकडे, सूतभर तिकडे सरकवली. एका जागी खरखर पूर्ण थांबली. तिथेच पुठ्ठ्याची रिंग वर बसवून कपड्यांचे चिमटे गोल लावले. आवाज मोठा करू नये, वूफर खोक्याबाहेर असताना पडदा सहज हद्दीबाहेर उडतो.

उजवा: याच्या फटीतला दोष काढायचाच होता, म्हणून मधली टोपी कापली. धारदार ब्लेडने, कडेला दोन मिलिमीटर पट्टी शिल्लक ठेवून, म्हणजे तीच टोपी परत चिकटवता येते. आत बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर चुंबकाच्या खांबावर गंजाचे पापुद्रे. ओल्या घरातले आठवडे इथे दिसले. हे पापुद्रे फुंकून निघत नाहीत, लोखंड असल्यामुळे चुंबक त्यांना धरून ठेवतं. पातळ पुठ्ठ्याच्या चिंचोळ्या पट्टीला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली आणि फटीत गोल फिरवली. पट्टी तपकिरी होऊन बाहेर येत गेली. ती स्वच्छ यायला लागेपर्यंत पट्ट्या बदलत राहिले. मग अंगठ्याने पडदा दाबला. खरखर गेली.

टोपी निघालीच होती, म्हणून मध्य साधायला दुसरी पद्धत वापरली. जुन्या एक्स-रेच्या फिल्मच्या बारीक पट्ट्या कापून कॉइल आणि खांबाच्या मध्ये चार दिशांना उभ्या घातल्या. अलगद जातील पण सैल पडणार नाहीत इतपत. कॉइल बरोबर मधोमध अडकून राहिली आणि बाहेरची कड निश्चिंतपणे चिकटवता आली. वाळल्यावर पट्ट्या ओढून काढल्या आणि टोपी बसवली.

एक्स-रेची पद्धत जास्त खात्रीची आहे, पण तिच्यासाठी चांगली टोपी कापू नये. फटीत काही अडकलेलं नसेल तर सुराची पद्धत पुरेशी आहे.

१५ मार्च, शनिवार

कंडेन्सर डागले. मोठ्या आकाराचे असल्यामुळे नुसते तारांवर लोंबकळत ठेवले तर खोक्याला आपटून वाजतील, म्हणून आतल्या भिंतीला चिकटवले. स्पीकरच्या मागच्या स्प्रिंगच्या पकडी काळ्या पडल्या होत्या. बारीक पॉलिश पेपर फिरवला.

वूफर बसवण्याआधी दीड व्होल्टच्या सेलने दिशा पाहिली. सेलचं अधिक टोक स्पीकरच्या लाल पकडीला क्षणभर टेकवलं की पडदा बाहेर यायला हवा. डावा बाहेर आला, उजवा आत गेला. काढताना मी वायरींवर खूण केली होती आणि खुणेप्रमाणेच जोडल्या होत्या. म्हणजे उजव्याच्या वायरी आधीपासूनच उलट होत्या. एक बाहेर आणि एक आत असले की दोघांचे खालचे सूर एकमेकांना खातात. डग्गा पातळ लागतो ही मावशीची जुनी तक्रार होती, आम्ही ती खोलीवर ढकलायचो. वायरी उलटवल्या.

१६ मार्च, रविवार

दोन्ही खोके पूर्ण बंद करून ३० हर्ट्झपासून हळूहळू वर चढणारा सूर दिला. उजवा स्वच्छ. डावा १२० च्या आसपास झणझणला. वूफरवर शंका आली, पण खोक्यावर हात फिरवला तेव्हा फुगलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवताच झणझण थांबली. सुटलेला कागद थरथरत होता. इंजेक्शनच्या सिरिंजने आत फेव्हिकॉल सोडला आणि लाकडाची फळी ठेवून शिकंज्यात धरला. फुगवटा घासून सपाट केला नाही. एमडीएफची वरची कडक साल गेली की आतला भुसा पाणी अजूनच ओढतो.

मग तानपुरा. उजव्यातून जवारी आली. दोन्ही बाजूंना सारखी आहे का ते पाहायला फोन मोनोवर टाकून एकेक स्पीकर ऐकला: जवारी दोन्हीकडे आहे. डग्ग्याचा घिस्सा खालपासून वरपर्यंत सलग चढतो आहे.

२२ मार्च, शनिवार. हिशेब

प्रयोगासाठी घेतलेला वूफर ३५०. न बसलेला ऑनलाइन फोम ३२०. फोमच्या दोन जोड्या ५६०. कंडेन्सर १८०. अल्कोहोल १२०. फेव्हिकॉल ६०. वाया गेलेला गोंद ७०. एकूण १,६६० रुपये.

यातलं खरं लागणारं सामान फक्त ६४० चं: फोमची एक जोडी, कंडेन्सर, अल्कोहोल, फेव्हिकॉल. बाकी १,०२० रुपये मापं न मिळाल्याचे, चुकीच्या गोंदाचे आणि एका प्रश्नाचं उत्तर ऐकण्याचे. फोमची एक रिंग शिल्लक आहे, तीही चिपळूणच्या हवेत वाट पाहत सडेल, म्हणून कुणाला बसत असेल तर देऊन टाकणार.

वेळ मात्र पुष्कळ गेला, आणि सगळा शनिवार-रविवारचा. वेळेचे पैसे लावले तर दुकानातला हजार रुपयांचा पर्याय स्वस्त पडतो. ज्यांना हातकामाची आवड नाही त्यांनी तो घ्यावा. फक्त दुकानात देताना कंडेन्सर मोजून बदलायला स्पष्ट सांगावं. माझ्या वूफरवर बोलणं झालं तेव्हा ट्वीटरच्या वाटेकडे कुणी पाहिलंही नव्हतं.

२९ मार्च, शनिवार. चिपळूण

उद्या गुढीपाडवा, क्लासमध्ये मुलांचं गाणं आहे. स्पीकर आज जागेवर लावले. पूर्वी ते कपाटावर भिंतीला पाठ लावून असत. मागे नळी आहे, तिला भिंतीपासून निदान वीतभर अंतर हवं, म्हणून पुढे घेतले. दोन्ही नळ्यांच्या तोंडांवर मच्छरदाणीचं कापड रबराने ताणून बसवलं, म्हणजे कुंभारीण आणि पाल दोघींना वाट बंद. ट्वीटर बसलेल्या मुलांच्या कानांच्या उंचीवर येतील असे खाली आणले. मावशीने तानपुरा लावला, षड्ज धरला आणि मध्येच थांबून म्हणाली, "उजवीकडचा जरा कमी कर, आता तोच पुढे येतोय." बरोबर होतं. इतकी वर्षं मुक्या बाजूला जोर मिळावा म्हणून बॅलन्सची कळ उजवीकडे वळवलेली होती. मधोमध आणली.

शेजारच्या काकांनी त्यांची जोडी दाखवायला आणली, साधारण याच वयाची. त्यांचे वूफर रबरी कडेचे, अखंड, चारही कॉइल मीटरवर चांगल्या. बाहेरून पाहणारा म्हणेल की ही जोडी आमच्यापेक्षा बऱ्या अवस्थेत आहे. पण पुरात ते जमिनीवरच होते. दोन्ही खोके खालून एक-तृतीयांश फुगलेत, तळाचा सांधा उघडलाय आणि वूफरचे खालचे स्क्रू भुशात नुसते फिरतात. सूर दिला की खोका वूफरपेक्षा मोठ्याने बोलतो. नवा खोका सुताराकडून बनवता येईल, पण त्याच मापाचा एमडीएफ, मजुरी, नळी आणि रंग धरला तर खर्च नव्या जोडीच्या अर्ध्याच्या पुढे जातो. त्यांना नवी जोडी घ्यायला सांगितलं. घेताना रबरी कड बघा आणि जमिनीवर ठेवू नका, एवढं सुचवलं. त्यांचे ट्वीटर मोजले तर ५.४ आणि ५.५ ओम. काकांना विचारून ते आणि मागच्या पकडी काढून घेतल्या आणि नावाची चिठ्ठी लावून मावशीच्या कपाटात ठेवल्या.